लक्ष्मी रस्त्याकडे पाठ करून

सुरुवात भांडणाने झाली.

९ सप्टेंबर २०२२, अनंत चतुर्दशी. करोनात दोन वर्षं मिरवणूकच निघाली नव्हती, त्यामुळे त्या दिवशी लोक दोन वर्षांची कसर भरून काढायला पेठांत उतरले होते. आमचं घर लक्ष्मी रस्ता आणि केळकर रस्ता यांच्या मधल्या एका बोळात. दोन्हीकडून मिरवणूक जाते, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी आम्ही बेटावर राहतो. दुपारी सासूबाईंचे काचबिंदूचे थेंब संपले म्हणून मी बाहेर पडले आणि परत येताना बॅरिकेडपाशी अडकले. पलीकडे आमचा जिना दिसत होता. वाळत घातलेली माझी साडीसुद्धा दिसत होती.

"अहो, मी इथलीच आहे," मी म्हटलं.

"मॅडम, सकाळपासून सगळे इथलेच आहेत," पोलीस म्हणाला.

मग मी आवाज चढवला. पुणेकर बाईने चढवावा तसा, म्हणजे व्याकरणशुद्ध. त्याने ऐकून घेतलं. डोळे लाल होते, ओठ सुकले होते. शेवटी म्हणाला, "एवढं वाटतंय ना, तर पुढच्या वर्षी तुम्हीच या इथं उभ्या राहायला."

मी दीड तासाने घरी पोचले. मी गणिताच्या शिकवण्या घेते. मला कुणी 'करून दाखवा' म्हटलं की ते डोक्यात बसतं.

निमित्त मिळालं जानेवारीत. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. १९६१ साली त्या दिवशी पंडित नेहरूंनी दलाला ध्वज दिला. तेव्हापासूनचं ते निमित्त धरून दर वर्षी आठवडाभर 'रेझिंग डे' चालतो आणि शाळांच्या पोरांना पोलीस ठाणं दाखवतात. शेजारच्या शाळेची एक तुकडी निघाली होती, बाईंना सोबत हवी होती, मी गेले. पासपोर्टच्या वेळी सोडली तर मी ठाण्याची पायरी चढले नव्हते. पोरांनी बेड्या हातात घालून पाहिल्या, वायरलेसवर 'हॅलो' म्हणून घेतलं. एकाने विचारलं, "काका, तुम्ही कधी चोर सोडून दिलाय का?" काकांनी चहाचा कप तोंडाला लावला.

पोरं आवारातल्या जप्त गाड्यांवर चढू लागली तेव्हा मी ठाणे अंमलदारांच्या टेबलापाशी गेले. पोलिसांना स्वतःहून हात देणाऱ्या नागरिकांना 'पोलीस मित्र' म्हणतात, एवढं ऐकून होते. "पोलीस मित्र व्हायला काय लागतं?"

त्यांनी मान वर केली. "वेळ," म्हणाले, आणि ड्रॉवर उघडून फॉर्म काढला.

फॉर्म एक पानी होता. नाव, पत्ता, रक्तगट, व्यवसाय, कोणत्या वेळी उपलब्ध, पूर्वी कोणता गुन्हा दाखल आहे का, ओळखीच्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं. सोबत आधारची प्रत आणि दोन फोटो. 'प्रतिष्ठित' कुणाला म्हणावं यावर घरात बराच काथ्याकूट झाला. शेवटी एक दंतवैद्य आणि मंडळाचे एक माजी अध्यक्ष ठरले. माजी अध्यक्षांवर आवाजाचा खटला आहे हे मला नंतर कळलं. त्याने काही बिघडलं नाही.

पहिला फॉर्म हरवला. कुणी हरवला विचारू नका, तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसरा दिला. मग एके दिवशी साध्या वेशातले एक हवालदार पडताळणीला घरी आले. सासूबाई दार उघडायला गेल्या आणि "पोलीस आलेत गं" असं इतक्या जोरात म्हणाल्या की वरच्या मजल्यावरचं टीव्हीचं बटण बंद झालेलं ऐकू आलं. हवालदारांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाले, शेजारी दोन दारं वाजवून माझ्याबद्दल विचारलं. पुढचा आठवडाभर मी जिना उतरताना लोक फार मायेने बोलत होते.

ओळखपत्र मिळायला एप्रिल उजाडला. ते हातात देताना वरिष्ठ निरीक्षकांनी पाच मिनिटं सुनावलं, आणि ते योग्यच होतं. या कार्डाने तुम्हांला कोणताही अधिकार मिळत नाही. कुणाची कागदपत्रं मागायची नाहीत, दंड घ्यायचा नाही, कुणाला हात लावायचा नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम २१ खाली 'विशेष पोलीस अधिकारी' नेमतात, तो वेगळा प्रकार, त्याला लेखी आदेश लागतो. होमगार्ड वेगळे. ती संघटना १९४६ साली मुंबईत उभी राहिली, त्यांना गणवेश असतो, बंदोबस्ताचा भत्ता असतो. "तुम्ही मित्र आहात," साहेब म्हणाले. "मित्राने घरी यावं, कपाट उघडू नये." आमच्याबरोबर कार्ड मिळालेल्या एकाने महिन्याभरात दुचाकीच्या नंबरप्लेटवर लाल अक्षरात 'पोलीस' लिहून घेतलं, खाली बारीक 'मित्र'. त्याचं कार्ड परत घेतलं. असे लोक येतातच. ग्रुपवरच्या चाळीसेक जणांपैकी प्रत्यक्ष बोलावल्यावर येणारे बारा-तेरा, बाकीचे अंगठा दाखवतात.

उन्हाळाभर काही नाही. जूनमध्ये पहिलं काम आलं ते एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या भेटीचं. बीटवरच्या एक ताई आणि मी. पेठांत ही घरं खूप आहेत. मुलं बाहेरदेशी किंवा बाणेरला (सासूबाईंच्या लेखी दोन्ही सारखंच), वाड्याच्या जागी इमारत, दोन खोल्यांत एक आजी. ताईंकडे वही. कामाला कोण येतं, किल्ली कुणाकडे असते, मुलाचा नंबर, कोणतं औषध. मला वाटलं होतं ही पाच मिनिटांची नोंद. पहिल्याच घरी पाऊण तास गेला. आजोबांनी १९६१ चा पानशेतचा पूर पाणी किती पायऱ्या चढलं इथपासून सांगितला. ताईंनी मधे तोडलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "यांना रात्री काही झालं तर ११२ लावायला लाज वाटते. 'उगाच कशाला त्रास' म्हणतात. एकदा गप्पा झाल्या की लाज जाते. मग लावतात."

त्याच महिन्यात एका सोसायटीच्या सभागृहात फसवणुकीवर बोलायचं होतं. तेव्हा वीजबिलाच्या मेसेजचा सुळसुळाट होता. 'मागील महिन्याचे बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा.' फोन केला की ते एक ॲप टाकायला लावतात आणि मग तुमच्या फोनमध्ये बसून तुमचंच खातं रिकामं करतात. सायबरच्या मॅडमनी दोन गोष्टी घोकून घेतल्या. एक, पैसे गेले की रडत बसायचं नाही, आधी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लावायचा, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतो आणि मधेच कुठे गोठवता आला तरच हाती लागतो. दोन, मुलांना कळेल म्हणून लपवायचं नाही. दुसरी गोष्ट ऐकताना मागच्या रांगेतल्या एक काकू खाली बघत होत्या. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न पार्किंगचा, दुसरा कुत्र्यांचा, तिसरा 'रात्री बुलेटचे फटाके फोडणारी पोरं'. चौथा त्या काकूंनी, सगळे उठल्यावर, मॅडमच्या कानात विचारला.

हे सगळं लिहितेय, पण माझं लक्ष सप्टेंबरकडे होतं.

२०२३ ला एक पेच होता. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला. शांतता समितीच्या बैठकीला आम्हां चौघांना मागच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. मी तणावाच्या तयारीने गेले होते. प्रत्यक्षात तो विषय काही मिनिटांत आटोपला, कारण मुस्लिम समाजातल्या वडीलधाऱ्यांनी जुलूस पुढच्या तारखेला नेण्याचं आधीच ठरवलं होतं. इतर अनेक शहरांतही तेच झालं आणि सरकारने २९ ची सुट्टी दिली. उरलेला दीड तास लोंबणाऱ्या केबलच्या वायरी, खड्डे, कमानीची उंची आणि एका मंडळाने दुसऱ्याच्या दारात उभा केलेला जनरेटर यांवर गेला. साहेब लिहून घेत होते.

शेजारी बसलेले निवृत्त फौजदार मला म्हणाले, "कंटाळलात ना? बैठक कंटाळवाणी झाली म्हणजे काम झालं." त्यांनीच मला भिवंडीचं सांगितलं. १९७० आणि १९८४, दोनदा जळलेलं गाव. १९८८ च्या सुमाराला सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात दोन्ही समाजांच्या साध्या माणसांच्या कमिट्या केल्या, पुढाऱ्यांच्या नाही, आणि पोलिसांना त्यांच्यात नियमाने बसायला लावलं. बोलणं काय, तर गटार, नळ, नवऱ्याची मारहाण. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. "गटाराच्या निमित्ताने तोंडओळख झाली होती हो," फौजदार म्हणाले. "दगड उचलायचा तर तोंडओळख नसावी लागते."

बंदोबस्ताचं प्रशिक्षण एका शाळेच्या हॉलमध्ये, अर्धा दिवस. बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, लांब उभं राहून कळवायचं. हे सांगताना त्यांना दूरचं उदाहरण द्यावं लागलं नाही. १० जुलै २०१४ ला फरासखाना ठाण्याच्याच पार्किंगमध्ये दुचाकीत स्फोट झाला होता. मग मांढरदेवीच्या यात्रेतली चेंगराचेंगरी. २५ जानेवारी २००५, डोंगरावरची अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, सुमारे तीनशे माणसं गेली. शिकवणारे अधिकारी म्हणाले, "गर्दीत माणूस पायाखाली कमी मरतो, उभ्या-उभ्या जास्त मरतो. छातीला फुगायला जागा राहत नाही. हात छातीपुढे धरा, एवढी जागा ठेवा." त्यांनी करून दाखवलं. मुष्टियोद्ध्यासारखे हात. हॉलमधल्या आम्ही सगळ्यांनी तसे हात धरले आणि एकमेकांकडे बघून हसलो. ते हसले नाहीत.

आणि एक वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'इकडून नाही' असं म्हणायचं नाही, 'तिकडून जा' असं म्हणायचं. अडवलेलं पाणी भिंत शोधतं, वळवलेलं पाणी वाहतं. तेव्हा मी हात वर केला. "पण तिकडून म्हणजे कुठून, हे उभ्या असलेल्या पोलिसाला माहीत असतं का?"

ते थांबले. "बाहेरून आलेल्याला नसतं," म्हणाले.

त्या क्षणी मला मागच्या वर्षीचा तो पोलीस दिसला. पुण्याच्या विसर्जनाला इतर जिल्ह्यांतून माणसं मागवतात हे मला ठाऊक होतं, सगळ्यांनाच असतं, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. आदल्या दिवशी व्हॅनमधून उतरलेल्या माणसाला एका बोळाच्या तोंडाशी उभं करतात. तो बोळ कुठे निघतो, मधल्या वाड्याला मागचं दार आहे का, कुठली गल्ली पुढे भिंतीने बंद झालीय, हे त्याला कोण सांगणार? त्याच्यापाशी एकच उत्तर असतं. मी दीड तास ज्याला माज समजत होते त्यातला निम्मा भाग पत्ता माहीत नसण्याचा होता.

त्या रात्री मी जेवण झाल्यावर आलेखाच्या वहीचं पान काढलं. लक्ष्मी रस्ता खाली, केळकर रस्ता वर, मधले सगळे बोळ. जिथून माणूस पार निघतो तिथे बाण, जिथे बंद तिथे फुली, दोन सोसायट्यांची मागची फाटकं, ती कोण उघडतं त्याचं आडनाव. प्रमाण धरलं नाही, पण कोपरे बरोबर काढले. दुसऱ्या दिवशी पन्नास झेरॉक्स काढल्या आणि ठाण्यात दिल्या. अंमलदारांनी पाहिलं, उलटं करून पाहिलं, म्हणाले, "हे बरंय." पन्नासांतल्या किती वाटल्या गेल्या देव जाणे. दहा मी स्वतःजवळ ठेवल्या होत्या.

२८ तारखेला सकाळी आठला हजेरी. टोपी, शिट्टी, हातावर पट्टी. माझा पॉइंट कुंटे चौक आणि उंबऱ्या गणपती चौक यांच्या मधे, लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या एका बोळाचं तोंड. आमच्या घरापासून दोन बोळ पलीकडे. माझ्याबरोबर एक हवालदार, साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. पन्नाशीचे, पोट सपाट, बोलणं कमी. मी नकाशा दिला. त्यांनी चष्मा काढून तो जवळ धरून वाचला, घडी घालून टोपीत ठेवला.

मंडईतून साडेदहाच्या सुमाराला मिरवणूक निघाली. आमच्यापर्यंत कसब्याची पालखी यायला वेळ होता. तोवर हवालदारांनी मला एकच सूचना केली. "ताई, तोंड इकडं."

इकडं म्हणजे गर्दीकडे. मी पुण्यात जन्मले, सत्तेचाळीस विसर्जनं पाहिली, आणि या वर्षी लक्ष्मी रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले. एकही गणपती नीट पाहिला नाही. पण तासाभरात एक गंमत लक्षात आली. मागे कोण आलंय ते समोरच्या चेहऱ्यांवरून कळतं. कसबा गणपती आणि तांबडी जोगेश्वरी पालखीतून येतात, तेव्हा लोकांच्या माना किंचित खाली, हात जोडलेले. गुरुजी तालीम आली की आधी लहान पोरं नाक मुरडून डोळे मिटतात, मग गुलाल येतो. तुळशीबागेची मूर्ती मोठी, तेव्हा सगळ्यांच्या हनुवट्या वर. केसरीवाडा येईस्तोवर मागच्या रांगेतले लोक पाय बदलायला लागलेले असतात. ढोलपथक आलं की कुणाकडेच बघायला नको, छातीतच कळतं.

घरी जाणारे यायला लागले साडेबारापासून. "अहो मॅडम, मी इथलाच आहे." हे वाक्य मी त्या दिवशी किती वेळा ऐकलं असेल? पहिल्या वीसेक वेळा मी मोजलं. फरक एवढाच की मी विचारायचे, "कुठल्या इमारतीत?" आणि मग "उजवीकडून दुसरा बोळ, पिठाच्या गिरणीपाशी डावीकडे, फाटक उघडं आहे." खरा राहणारा असला तर चेहरा उजळायचा. खोटा असला तर इमारतीचं नाव सांगताना अडखळायचा, आणि मग तोही हसायचा, मीही. एका गृहस्थांनी मात्र दहा मिनिटं मला नागरिकशास्त्र शिकवलं. व्याकरण उत्तम होतं. हवालदार हळूच म्हणाले, "तुमच्या पेठेतले दिसत्यात."

एकदा चार मुली माझ्या मागे येऊन चिकटून उभ्या राहिल्या. त्यातली एक कानाशी म्हणाली, "काकू, तो निळा शर्ट. तिसऱ्यांदा." मला हात शिवशिवले. पण कपाट उघडायचं नाही. मी शिट्टीसुद्धा वाजवली नाही, कारण शिट्टीने तो सटकला असता. समोरच्या कोपऱ्यावर दामिनी पथकाच्या दोघीजणी होत्या. त्यांच्याकडे बघून मी फक्त हनुवटीने दाखवलं. एक मागून गेली, एक पुढून, आणि निळा शर्ट कॉलरसकट बोळात नाहीसा झाला. सगळं मिळून मिनिटभर. मुली मात्र संध्याकाळपर्यंत माझ्या आसपासच राहिल्या. त्यांतल्या एकीने मला चिक्की दिली.

दगडूशेठचा गणपती त्या वर्षी दुपारी चारलाच मिरवणुकीत आला. एरवी तो मध्यरात्रीनंतर यायचा आणि लोक रात्र काढायच्या तयारीने यायचे, झोपलेली पोरं खांद्यावर टाकून. या वर्षी सगळा पूर संध्याकाळी एकदम आला. सहा ते साडेसात या वेळात मला हॉलमधले ते मुष्टियोद्ध्याचे हात आठवले, आणि मी ते धरले. पाठीत बॅरिकेडची नळी, समोर माणसांची भिंत, आणि सगळ्यांचे हात वर, हातात मोबाइल. शेकडो छोट्या पडद्यांवर मला माझ्या मागचा रथ दिसत होता. हवालदार एकसुरात म्हणत होते, "पुढं बघत चला, पुढं बघत चला, थांबू नका, बाप्पा येत्यात तुमच्याबरोबर." तासभर तेच वाक्य, चढ नाही, उतार नाही. माझा आवाज सातलाच बसला होता. त्यांचा तसाच.

ते आजोबा सापडले साधारण नऊला. पांढरं धोतर, टोपी गुलालाने गुलाबी, ओट्यावर बसून होते. आधी मला वाटलं विसावा घेतायत. अर्ध्या तासानेही तिथेच. विचारलं तर म्हणाले, "पोरं येत्याली." कुठली पोरं? गावची, टेम्पो करून आलेली. टेम्पो कुठे आहे? "नदीच्या कडंला." मुठेच्या कडेला त्या दिवशी किती टेम्पो असतील! फोन? पोराकडे. पोराचा नंबर? आजोबांनी हसून डोक्याला हात लावला.

शहरातलं लहान मूल हरवलं तर काय करायचं ते आम्हांला शिकवलं होतं: जागेवरून हलवायचं नाही, मदत केंद्राला कळवायचं, मंडळाच्या माइकवरून पुकारायचं. मी पुकारायला लावलं. तीन वेळा. ढोलापुढे ते कुणाला ऐकू जाणार? मग मी आजोबांना पाणी दिलं आणि पुढे काय करावं हे मला सुचेना. माझा नकाशा केळकर रस्त्याला संपत होता.

हवालदार गर्दीकडे बघतच म्हणाले, "आजोबा, गाव कुठलं? तालुका?"

आजोबांनी परांडा तालुक्यातलं एक गाव सांगितलं.

हवालदारांनी मला थोडं पुढे उभं केलं, स्वतः ओट्याशी गेले, आणि फोन लावला. आधी आपल्या ओळखीच्या कुणाला तरी, त्याच्याकडून परांड्याच्या ठाण्याला. "त्या गावच्या पोलीस पाटलाचा नंबर द्या." पोलीस पाटील गावातच जेवायला बसलेला. त्याला आजोबांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "थांबा, पोरगा गेलाय न्हवं पुण्याला, नंबर पाठवतो." फोन लावल्यापासून बारा मिनिटं. मुलगा डेक्कनच्या बाजूला शोधत फिरत होता. त्याला 'कुंटे चौक' सांगून उपयोग नव्हता. तिथून पुढचं काम माझं. मी त्याला कुठल्या पुलावरून उतरायचं, कुठे मिरवणूक ओलांडता येईल, कुठल्या फाटकातून शिरायचं ते टप्प्याटप्प्याने फोनवर सांगत राहिले, पंचवीस मिनिटं. तो आला तेव्हा बापावर चिडला आणि मग रडला. आजोबा म्हणाले, "जेवलास का?"

पोलीस पाटील म्हणजे मला शाळेच्या धड्यातला माणूस वाटायचा. १९६७ चा ग्राम पोलीस कायदा आहे, गावातल्याच माणसाला नेमतात, घरं आणि माणसं ओळखणं हेच त्याचं काम. हवालदार म्हणाले, "आमच्याकडं कुठलं पण गाव असू द्या, एक माणूस धरला की सगळं गाव फोनवर येतं. तुमच्या शेरात कुणाला धरायचं?" मी काही बोलले नाही. मला चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं आडनाव माहीत नव्हतं.

आमची पाळी दुपारी चारपर्यंतच होती, हे सांगायचं राहिलं. बदली माणूस आला नाही. जेवणाचं पाकीट आलं ते साडेतीनला, पुऱ्या वातड. मी रात्री नऊनंतर जाऊ शकले असते, कुणी अडवलं नव्हतं. पण हवालदार आदल्या रात्रीपासून उभे होते आणि त्यांना कुणी जा म्हणणारं नव्हतं. बारा वाजता नियमाप्रमाणे स्पीकर बंद झाले. ते सकाळी सहाला पुन्हा सुरू होणार. मधल्या शांततेत मंडळं जागेवर उभी, कार्यकर्ते ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून झोपलेले, रस्त्यावर चपलांचा खच. मी कधी ऐकला नव्हता असा लक्ष्मी रस्ता. दोनला मी घरी गेले, बूट काढले, आणि जिन्यातच बसून राहिले. सासूबाईंनी घमेल्यात गरम पाणी आणून ठेवलं. "भांडायला कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं. त्यांना त्यातच रस होता.

सकाळी दहाला मी थर्मासमधून चहा घेऊन पॉइंटवर गेले. मिरवणूक अजून चालूच होती, ती दुपारपर्यंत चालली. हवालदार तिथेच. ओट्यावर तासभर डोळा लागला म्हणाले. चहा घेतला, टोपीतून माझा नकाशा काढून दिला. घामाने मऊ झाला होता, घडीवर फाटला होता. मी म्हटलं, "राहू द्या की तुमच्याकडे."

"पुढच्या वर्षी मला कुठं टाकतील काय सांगावं. दुसरा येईल त्याला द्या."

घरी येऊन मी तो उघडला. माझ्या बाणांच्या आणि फुल्यांच्या मधे निळ्या बॉलपेनने बारीक अक्षरात भर घातली होती. एका कोपऱ्यावर 'नळ, चालू'. एका इमारतीच्या भिंतीला 'दु. २ ते ४ सावली'. दोन ठिकाणी 'ओटा, बसू देतात', एका ठिकाणी 'ओटा, उठवतात'. केळकर रस्त्याच्या बाजूला 'चहा रात्री ३ पर्यंत'. आणि आमच्या मागच्याच बोळातल्या एका घरावर, जिथे मी पंचवीस वर्षांत कधी गेले नाही, गोल करून लिहिलं होतं: 'काकू चांगल्या. लेडीज स्टाफला बाथरूम वापरू देतात. दोनदा बेल वाजवणे.'

२०२४ साठी पक्का नकाशा काढताना हे सगळं मी त्यात घेतलं. तेवढी ती 'उठवतात'ची खूण ठेवावी की नाही, यावर सोसायटीत जरा वाद झाला. तो ओटा आमचाच होता.